मनाचा लीस्ट काउंट

प्रथम वर्ष विभागाच्या मीटिंगमध्ये मान वर करायची नसते, हा नियम मी बावीस वर्षं पाळत आलोय. समोसा आला तरी खाली बघूनच उचलायचा. त्या दिवशी कुणीतरी चटणी पलीकडे सरकवली होती, ती शोधायला म्हणून मी मान वर केली आणि नेमके तेव्हाच विभागप्रमुख म्हणाले, "मग हे काम कोण घेतंय?"

"सर बघतायत," माझ्या शेजारून आवाज आला.

अशा रीतीने आमच्या कॉलेजच्या प्रथम वर्षातल्या विद्यार्थ्यांचा 'अभियांत्रिकीविषयीचा दृष्टिकोन व धारणा' मोजण्याचं काम माझ्याकडे आलं. चटणी आली नाही.

"सर, मी गणित शिकवतो," मी म्हटलं. "दृष्टिकोन वगैरे..."

"मोजायचंय ना? मोजणं म्हणजे आकडे. आकडे म्हणजे गणित. आणि फिजिक्सच्या मॅडमकडे अँटिरॅगिंग आहे, केमिस्ट्रीकडे वृक्षारोपण. तुमच्याकडे काय आहे?"

माझ्याकडे अर्धा समोसा होता. मी गप्प बसलो.

वर्षअखेरीला मानांकन समिती येणार होती. २०१४ साली आपला देश इंजिनीअरिंग शिक्षणाविषयीच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून कॉलेजने काय शिकवलं याला फारशी किंमत नाही. पोरं काय शिकली आणि त्यांच्यात काय बदल झाला, ते दाखवावं लागतं. शिकवणं निदान आपल्या हातात तरी होतं. आता दाखवायचं म्हणजे फाईल आली. आमच्याकडे एखादी गोष्ट घडली की नाही, हे फाईलीत तिचं पान आहे की नाही यावरून ठरतं. त्या हिशेबाने आमच्या विद्यार्थ्यांना त्या दिवसापर्यंत मन नव्हतं. ते तयार करून, पंच करून, लाल टॅगने बांधायची जबाबदारी माझी.

तिसऱ्या मजल्यावरचा पाण्याचा कूलर बंद असल्यामुळे मी बाटली भरायला तळमजल्यावर गेलो. तिथे वर्कशॉपचे सर भेटले. तीस वर्षं पोरांकडून लोखंड घासून घेतलेला माणूस. त्यांचा चहा आणि बोलणं दोन्ही बिनसाखरेचं.

"काय मोजताय म्हणे तुम्ही?"

"पोरांची मनं."

"बरं. लीस्ट काउंट किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं उपकरण कमीत कमी किती मोजू शकतं? माझ्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर. मायक्रोमीटरचा ०.०१. तुमचा?"

"पाच पर्याय आहेत. पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत..."

"फक्त पाच? म्हणजे कापडवाल्याचा गज घेऊन केसाची जाडी मोजणार तुम्ही." त्यांनी माझी बाटली भरून हातात दिली. "आणि झिरो एरर आधी बघा. जबडे मिटल्यावर शून्य दाखवतंय का ते बघितल्याशिवाय माप घ्यायचं नसतं."

हे मी हसण्यावारी नेलं. पुढे रडायची वेळ आली तेव्हा आठवलं.

रात्री जेवण झाल्यावर अभ्यासाला बसलो. माणसाचा दृष्टिकोन मोजता येतो असं छातीठोकपणे लिहिलं थर्स्टन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने, १९२८ साली. हा गडी मुळात कॉर्नेलला इंजिनीअरिंग शिकलेला. काही काळ चक्क एडिसनच्या प्रयोगशाळेत होता, पण दिवे लावायचं सोडून लोकांच्या डोक्यात डोकवायला गेला. चर्चविषयी लोकांना काय वाटतं हे मोजायला त्याने १३० विधानं जमवली आणि ३०० परीक्षकांना देऊन त्यांचे ११ गठ्ठे करून घेतले. तीनशे परीक्षक! आमच्याकडे प्रॅक्टिकलला एक एक्स्टर्नल मिळवताना नाकी नऊ येतात, आणि मिळाला तरी तो जेवायच्या वेळेला येतो.

१९३२ साली दुसऱ्याने वाट काढली. तो म्हणाला, परीक्षक वगैरे काही नको. विधान द्या आणि एक ते पाचमध्ये खूण करायला सांगा. काम तेच, खर्च शून्य. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात. तिकडे याच्यावर डॉक्टरेट मिळाली. याचं नाव रेन्सिस लिकर्ट. आपण सगळे लायकर्ट म्हणतो, पण खरा उच्चार लिकर्ट. ही दुरुस्ती मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये सांगितली. तेव्हापासून ते चारचौघांत 'ती पाच रकान्यांची पट्टी' असं म्हणतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

पण मला खरा धक्का पुढे बसला. लिकर्टचे वडील रेल्वेत इंजिनीअर. पोरगाही मिशिगनला सिव्हिलला. आणि पोराने मध्येच सिव्हिल सोडून समाजशास्त्र घेतलं! म्हणजे जगभर इंजिनीअरिंगच्या पोरांचा दृष्टिकोन ज्या पट्टीने मोजतात, ती पट्टी इंजिनीअरिंग अर्धवट सोडलेल्या पोराने बनवलेली आहे. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "वडील काय म्हणाले असतील?" बारावीतला मुलगा घरात असलेल्या बाईला दुसरा प्रश्न पडूच शकत नाही.

तयार प्रश्नावलीही सापडली. १९९०च्या दशकात पिट्सबर्ग विद्यापीठातल्या मंडळींनी खास प्रथम वर्ष इंजिनीअरिंगसाठी केलेली. प्रश्न ५०, त्यातून मनाचे १३ पैलू मोजायचे. वर्षाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. त्यांची अडचण अशी होती की चांगले मार्क असलेली पोरंसुद्धा इंजिनीअरिंग सोडून जात होती, आणि का जातायत ते मार्कांवरून कळत नव्हतं. आपल्याकडे ही अडचण नाही. सोडायला आधी आपण धरलेलं असावं लागतं. इथे वडिलांनी धरलेलं असतं.

त्या तेरा पैलूंमध्ये 'घरच्यांचा प्रभाव' असाही एक पैलू होता. प्रभाव! हा शब्द वाचून मला त्या अमेरिकन आईबापांची कीव आली.

त्या धर्तीवर मी आपली मराठी प्रश्नावली करायला घेतली, कारण आमची निम्मी पोरं मराठी माध्यमातून येतात. 'स्ट्राँगली ॲग्री'लाच गाडी अडली. आधी 'तीव्रपणे सहमत' लिहिलं. बायको म्हणाली, "दाढ दुखतेय असं वाटतं." 'ठामपणे सहमत' केलं. "आता भांडण झालंय असं वाटतं." शेवटी 'पूर्णपणे सहमत' ठरलं. पन्नास विधानं लिहिता लिहिता माझी मराठी परिपत्रकासारखी झाली. मुलगा मोबाइल घेऊन बसला होता, त्याला मी म्हणालो, "तुझ्या अध्ययनविषयक सवयी समाधानकारक आहेत असे तुला वाटते काय?" त्याने इअरफोन न काढता "पूर्णपणे" असं उत्तर दिलं. हीच माझी पायलट स्टडी.

मग झेरॉक्स. चार पानं, पाठपोट, ६८ प्रती. दुकानात गर्दी होती. गठ्ठा वर्गात उघडला तेव्हा लक्षात आलं की तिसऱ्या पानाच्या जागी कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला छापला गेलाय. ६८ प्रती, तहसीलदारांच्या गोल शिक्क्यासह. कुठेतरी एखादा बिचारा माझ्या 'गटकार्यातील सहभाग व धारणा' या पानाची प्रत घेऊन शिष्यवृत्तीच्या खिडकीशी उभा असणार. आता परत कोण जाणार? मी म्हटलं, "तिसरं पान सोडून द्या." अकरा जणांनी ते सोडलं नाही. दाखल्याच्या खाली त्यांनी 'सहमत' असं लिहून ठेवलं.

तास दुपारचा, शेवटचा. पहिला प्रश्न आला, "सर, याला मार्क आहेत?"

"नाही."

"टर्मवर्कला धरणार?"

"नाही रे. हे फक्त तुमचं मत आहे."

मत म्हटल्यावर अर्ध्या वर्गाने पेनाला टोपण लावलं.

"नाव लिहू नका," मी उत्साहाने सांगितलं. "रोल नंबरही नको. हे पूर्णपणे निनावी आहे. मोकळेपणाने लिहा." एवढ्यात दारात विभागप्रमुख उभे. "रोल नंबर टाका रे सगळ्यांनी! कुणी भरला नाही ते कळलं पाहिजे." मी त्यांच्याकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "निनावीच आहे हो. फक्त सही घ्या." आमच्याकडे गुप्त मतदानसुद्धा हजेरी घेऊन होतं.

पहिल्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. "सर, धारणा म्हणजे जमीनधारणा का? सातबारा लागेल?"

"नाही. धारणा म्हणजे तुला काय वाटतं ते."

"कशाबद्दल?"

"इंजिनीअरिंगबद्दल."

तो विचारात पडला. अठरा वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच विचारला जात असावा. "सर, पाचव्या प्रश्नात 'मी हे क्षेत्र स्वतःच्या इच्छेने निवडले' असं आहे. माझी सीट ॲडमिशनच्या तिसऱ्या राउंडला ऑटोफ्रीझ झाली. मग काय लिहू?"

"तुझं मत लिही."

"माझं मत बेटरमेंटला ठेवलं होतं सर."

मागच्या बाकांवर वेगळंच चाललं होतं. एक जण मान वाकडी करून शेजाऱ्याच्या कागदावरून खुणा उतरवत होता. बावीस वर्षं मी गणिताची कॉपी पकडत आलोय. मताची कॉपी पहिल्यांदा पकडली.

"अरे, स्वतःचं लिही ना!"

"सर, स्वतःचं चुकलं तर?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्कशॉपच्या सरांचा झिरो एरर तो हाच. बालवाडीपासून ज्या पोराला 'हो बाई', 'हो सर' एवढंच शिकवलंय, त्याचे जबडे मिटले तरी काटा 'सहमत'वरच असतो. माप घ्यायला मी उशिरा आलो होतो.

घरी आणून गठ्ठा सोडला. काहींनी सगळ्याच्या सगळ्या खुणा सरळ रेषेत खाली आणल्या होत्या, ओळंबा लावल्यासारख्या. ही पोरं सिव्हिलला जाणार हे नक्की. एकाने खुणांची साइन वेव्ह काढली होती. एक ते पाच, पाच ते एक, कुठेही लय न चुकता. त्याच पोराला युनिट टेस्टमध्ये साइन वेव्ह काढता आली नाही म्हणून मी शून्य दिलं होतं. प्रश्न विचारायची माझी जागा चुकली, दुसरं काय.

आळशी पोरं पकडायला प्रश्नावलीत एक सापळा ठेवतात. एकच गोष्ट दोनदा विचारायची, एकदा सुलट, एकदा उलट. मीही ठेवला होता. सातवं विधान : 'इंजिनीअरिंगला आल्याचा मला अभिमान वाटतो.' एकतिसावं : 'इंजिनीअरिंगला येणे ही माझी चूक झाली.' ६८ पैकी ५४ जण दोन्हींशी सहमत होते. सापळ्यात वाघ सापडेल म्हणून बसावं आणि आख्खा गोठा आत यावा, तसं झालं. मी कागद घेऊन विभागप्रमुखांकडे गेलो. "सर, एक तर अभिमान असेल, नाहीतर चूक असेल. दोन्ही कसं?"

त्यांनी चष्मा काढला, खिडकीबाहेर बघितलं. "अहो, बरोबर आहे की. मलाही दोन्ही वाटतं."

क्षणभर खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. मग त्यांनी चष्मा लावला आणि ते पुन्हा विभागप्रमुख झाले. "पण फाईलीत 'चूक' हा शब्द बरा दिसत नाही. असले निगेटिव्ह प्रश्न काढून टाका आणि परत घ्या. ऑनलाइन घ्या. झेरॉक्सचा खर्च कोण देणार?"

ऑनलाइन फॉर्म सोमवारी संध्याकाळी पाठवला. मंगळवारी सकाळी ७२ प्रतिसाद आले होते. वर्गात ६८ पोरं. इतका उदंड प्रतिसाद मला आयुष्यात मिळाला नव्हता. उत्तरं विश्वासार्ह आहेत का हे तपासायला क्रॉनबॅकचा अल्फा नावाचा आकडा काढतात. क्रॉनबॅकने १९५१ साली मांडला. तो ०.७च्या वर आला की संशोधक सुटकेचा निःश्वास टाकतात; ०.९ आला की पेढे. माझा अल्फा आला १.००.

मी गणिताचा माणूस. पूर्ण एक म्हटल्यावर घाम फुटला. माणसांच्या बाबतीत पूर्ण एक येत नसतो. आकडे उघडून बघितले, तर काही फॉर्मांत सगळ्या प्रश्नांना पाच, काहींत सगळ्यांना चार, काहींत सगळ्यांना तीन. आणि सगळे फॉर्म रात्री साडेदहा ते सव्वाबारा या वेळात, अगदी ठरावीक अंतराने भरलेले. वर्गप्रतिनिधीला, म्हणजे सीआरला, बोलावलं.

"हे सगळं तू भरलंस?"

"सर, तुम्ही म्हणालात शंभर टक्के झालं पाहिजे. पोरांचं ग्राफिक्सचं सबमिशन होतं. शीट पूर्ण करणार की फॉर्म भरणार?" मग जरा अभिमानाने, "पण सर, सगळ्यांना सेम नाही दिलं. डाऊट येईल म्हणून. हुशार पोरांना पाच, मधल्यांना चार आणि केटीवाल्यांना तीन."

"आणि चार फॉर्म जास्त कसे?"

"मध्ये झोप लागली सर."

सारखंच भरलं असतं तर अल्फा निघालाच नसता. थोडा थोडा फरक केला म्हणून परिपूर्ण निघाला. पोराला संख्याशास्त्राचा गंध नव्हता, पण पावणेदोन तासांत त्याने आख्खा वर्ग माझ्यापेक्षा बरा ओळखून दाखवला होता. मी त्याला रागवायचा प्रयत्न केला. जमला नाही. अल्फा घेऊन प्राचार्यांकडे गेलो.

"एक? किती पैकी?"

"एकच पैकी सर. याच्यावर नसतो."

"म्हणजे विद्यापीठात पहिले?"

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर हा प्रकार तिसऱ्यांदा करावा लागला असता.

वर्षअखेरीचा फेरा मात्र मी पुन्हा कागदावर घेतला. दुसरं दुकान, चारही पानं तपासून. तोवर गणित-एकचा निकाल लागला होता, त्यामुळे दृष्टिकोन जमिनीला टेकला होता. अभिमान खाली, आवड खाली, आत्मविश्वास तर तळघरात. "आपल्याकडे वर्षभर राहून पोरं खाली गेली असं लिहायचं?" विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. रात्रभर मी तळमळत होतो. सकाळी बघतो तर प्रश्न सुटलेला. आमच्या शिपाईमामांनी दोन्ही गठ्ठे झटकून, धूळ पुसून, नव्या टॅगने बांधले होते आणि लेबलं उलटी चिकटवली होती. 'प्रवेशावेळी'चा गठ्ठा 'वर्षअखेर' झाला होता. एका रात्रीत आमच्या विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन सुधारला. मी मामांना हाक मारणार होतो. विभागप्रमुख म्हणाले, "राहू द्या हो, वयस्कर माणूस आहे."

सगळं बांधून झाल्यावर शेवटी राहिला तो प्रश्नावलीच्या तळाशी असलेला चौकोन. 'इतर काही सूचना असल्यास.' तिथे खुणा करायच्या नव्हत्या, त्यामुळे तो कुणी मोजलाच नव्हता. मी सहज वाचायला घेतला. आणि पहिल्यांदा मला वर्गातली अक्षरं वेगवेगळी दिसली. कुणाचं तिरकं, कुणाचं ठसठशीत, कुणाचं मुंगी चालल्यासारखं. वळणं निरनिराळी, मजकूर एक.

'तिसऱ्या मजल्यावरचा कूलर चालू करा.' 'सर, पाणी नाही.' 'कूलर प्लीज.' 'प्रॅक्टिकलच्या मध्ये खाली जाऊ देत नाहीत आणि वर पाणी नाही.' साइन वेव्हवाल्याने तर कूलरचं ऑर्थोग्राफिक चित्र काढलं होतं, फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू, आणि नळापाशी बाण करून लिहिलं होतं : 'शून्य'.

६८ पैकी ६१. कुणाचं बघून न लिहिलेलं, सीआरने न भरलेलं, सापळ्याविना मिळालेलं एकमेव मत.

मी धावत विभागप्रमुखांकडे गेलो. "सर, पोरांचं मन सापडलं."

त्यांनी वाचलं. "कूलर? हे दृष्टिकोनात कुठे बसतं? तेरा पैलू आहेत ना? कुठल्या पैलूत टाकणार?"

"पण सर, तो खरंच बंद आहे. मी स्वतः रोज खाली जातो."

"तुम्ही भरलाय का फॉर्म? मग? हे बघा, ॲक्शन टेकन रिपोर्टमध्ये काहीतरी लिहावं लागेल. असं लिहा : 'विद्यार्थ्यांमध्ये पाण्याविषयी विशेष आस्था आढळून आली.' आणि केमिस्ट्रीला सांगा, वृक्षारोपणाला जोडून जलसंवर्धनावर एक व्याख्यान ठेवा. फोटो काढा."

व्याख्यान झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या सेमिनार हॉलमध्ये, दीड तास. वक्त्यांना मध्येच ठसका लागला. मामा तळमजल्यावरून तांब्या घेऊन येईपर्यंत सगळा वर्ग पाण्याचं महत्त्व मान खाली घालून ऐकत होता.

मानांकन समिती येऊन गेली. आमच्या फाईलीवर 'विद्यार्थ्यांच्या धारणांचे मोजमाप : उत्तम' असा शेरा आहे. यंदा दुसऱ्या वर्षाचंही मोजायचं ठरलंय, आणि मीटिंगमध्ये मी मान वर केली नव्हती तरी ते माझ्याकडेच आलंय, कारण आता मला अनुभव आहे. वर्कशॉपचे सर पाणी भरताना रोज विचारतात, "काय, लीस्ट काउंट सापडला का?" मी सांगतो, सापडला. एक कूलर.

तो अजून बंदच आहे. आमच्याकडे कधी येणार असाल तर बाटली खालूनच भरून घ्या.